राजहंसाचे एकोणीस गुण

"सर्व सभासदांना कळविण्यात येते की, पंप-खोलीच्या मागे उभे असलेले जुने चारचाकी वाहन बेवारस, निरुपयोगी व मूल्यशून्य असून पार्किंगच्या नव्या आखणीत अडथळा ठरत आहे. सबब सदर वाहन पंधरा दिवसांत न हलविल्यास भंगारात काढण्यात येईल. हुकुमावरून, मानद सचिव."

भाईंदर पूर्वेला, गोडदेव नाक्याजवळच्या नवचैतन्य सोसायटीच्या फळ्यावर हा मजकूर लागला, तेव्हा प्रा. दत्ताराम खवणेकर यांनी तो चष्मा पुसून दोनदा वाचला. एका वाक्यात तीन असत्ये बसवणे हे सोपे काम नव्हे. त्याला एक तर प्रतिभा लागते, नाही तर सचिवपद.

पहिले असत्य, बेवारस. या वाहनाचे मालक राघो गोमा भोईर, वय शहात्तर, रोज सकाळी साडेसात ते दहा त्याच वाहनाशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले असत. सचिव जितेंद्र पाटकर स्कूटर काढताना त्यांना नेमाने "काय राघोशेठ, बसलात?" असे विचारीत. म्हणजे अस्तित्वात नसलेल्या वारसाची विचारपूस हे गृहस्थ गेली अकरा वर्षे करीत होते. शिवाय सोसायटी उभी होती ती जमीन राघोशेठच्या बापाची भातखाचरे होती. इथे बेडूक सोडून दुसरा कोणी सभासद नव्हता, तेव्हापासून ते वारस होते.

दुसरे असत्य, निरुपयोगी. वाहनाच्या टपावर उन्हाळ्यात तीन मजल्यांच्या कुरडया वाळत. मागच्या भागात गणपतीच्या सजावटीचे थर्माकोलचे खांब, दिव्यांच्या माळा आणि 'हार्दिक स्वागत' असा फलक ठेवलेला असे. त्याची किल्ली खुद्द सचिवांच्या जुडग्यात होती.

तिसरे असत्य, मूल्यशून्य. नोटीस लावण्याच्या आदल्याच दिवशी सचिवांनी काशीमिऱ्याच्या एका भंगारवाल्याला फोन करून "किती देशील?" असे विचारले होते. वॉचमनने ते ऐकले होते आणि वॉचमनने ऐकले म्हणजे सगळ्यांनी ऐकले होते. शून्याचा भाव कोणी विचारीत नाही.

हे सगळे मनात जुळवून झाल्यावर दत्ताराम घरी गेले आणि चहा प्यायले. अन्यायाचे निर्दोष विश्लेषण करून नंतर चहा पिणे ही मध्यमवर्गाची फार जुनी परंपरा आहे आणि त्यांनी ती मोडली नसतीच. पण दुपारी राघोशेठ जिना चढून दारात उभे राहिले.

"मास्तर, फल्यावं वाचलाव?"

"वाचलं, राघोशेठ. बसा ना."

"बसत न्हाय. गाडी जाऊ दे, तिचा काय न्हाय. मी पन आता किती बसनार तिच्याजवल? पन त्यो शून्य मना झोंबलाय." राघोशेठनी चौकट धरली. "तुमी पेपर तपासलाव जन्मभर. माझी गाडी तपासा. तिचा जो काय आकडा निंगल, तो फल्यावं लिवा, शून्याच्या जागी. मग मी इकीन, त्याच आकड्याला. रुपाया कमी न्हाय, रुपाया जास्त न्हाय."

दत्तारामांच्या पत्नी वासंतीबाई आतून पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि नवऱ्याच्या वतीने हो म्हणाल्या. त्यांच्या संसारातले बहुतेक होकार असेच झालेले होते.

इथे गाडीचा परिचय द्यायला हवा. 'राजहंस' ही दक्षिणेकडच्या एका कारखान्याने १९८५च्या सुमारास काढलेली गाडी. तिचा सांगाडा लोखंडी, पण अंग फायबरचे. कारखाना लवकरच बुडाला. गोडदेवातली पोरे तिला 'बादली' म्हणत. दमट हवेत ती सुरू होत नसे, आणि तिला राहावे लागले खाडीकाठी. जुन्या गाड्यांचे शौकीन जिच्या आठवणीने उसासे टाकतात अशी ही गाडी नव्हती. तिच्या आठवणीने लोक हसत. अशा गाडीची योग्य किंमत कोणती, हा प्रश्न आजवर कोणालाच पडला नव्हता, त्यामुळे त्याला उत्तरही नव्हते.

पण दत्तारामांना वेगळीच अडचण होती. १९९७ सालच्या मे महिन्यात, रिक्षांचा संप असताना भर दुपारी वासंतीबाईंच्या पोटात कळा सुरू झाल्या, तेव्हा राघोशेठनी याच राजहंसातून त्यांना बोरिवलीच्या प्रसूतिगृहात पोचवले होते. गाडी वाटेत तीनदा बंद पडली. तिन्ही वेळा राघोशेठनी ती एकट्याने ढकलली, कारण दत्ताराम स्टिअरिंगवर होते. त्यांना गाडी येत नव्हती, पण ढकलायला तर त्याहून येत नव्हते. मागच्या सीटवरून वासंतीबाई दोघांनाही सूचना देत होत्या. पोचल्यावर अकरा मिनिटांनी संचिताचा जन्म झाला. बाहेरच्या बाकावर दत्तारामांनी पाकीट काढले आणि विचारले, "राघोशेठ, पेट्रोलचे किती झाले?" राघोशेठ त्यांच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मास्तर, बायको आत हाय. पाकीट ठेवा." त्यानंतर अठ्ठावीस वर्षे दोघे रोज एकमेकांना दिसत होते. आभाराचा विषय मात्र पुन्हा कधी निघाला नव्हता.

आणि दत्ताराम हे असे परीक्षक होते की ज्यांनी आयुष्यात कोणाला एक गुण फुकट दिला नव्हता. १९९४ साली त्यांनी सख्ख्या पुतण्याला, कौस्तुभला, इतिहासात चौतीस गुण देऊन नापास केले होते. ही गोष्ट खवणेकर घराण्यात कुलदैवताच्या कथेच्या खालोखाल सांगितली जाई. फक्त कौस्तुभ ती वेगळ्या शब्दांत सांगे. तेव्हा उपकारकर्त्याची गाडी तपासायची म्हणजे शास्त्रशुद्धच तपासायची, असे ठरवून दत्तारामांनी विद्यापीठाची पद्धत स्वीकारली. प्रश्नपत्रिका शंभर गुणांची: इंजिन तीस, अंग वीस, दुर्मिळता वीस, एकंदर दर्शन वीस, कागदपत्रे दहा. बाहेरचे परीक्षक दोन. त्यांच्यात तफावत आढळल्यास मॉडरेटर म्हणून स्वतः दत्ताराम.

तोपर्यंत बातमी सोसायटीभर झाली होती आणि सल्ले सुरू झाले होते. पहिल्या मजल्यावरच्यांनी सांगितले की, गाडीला रंग मारून मग किंमत सांगा. दुसऱ्यावरच्यांनी सांगितले की, मुळीच रंग मारू नका, जुन्या गाडीला धूळच शोभते. तळमजल्याचे शहाभाई म्हणाले, "सर, आकडा के पीछे एक लगाना, शुकन होता है." विमा कंपनीतून निवृत्त झालेल्या स्वाती नाडकर्णींनी घसाऱ्याचा तक्ताच आणून दाखवला. तो पाच वर्षांवर संपत होता.

"आणि पुढे?" दत्तारामांनी विचारले.

"पुढे 'परस्पर संमतीने' असं लिहिलंय."

"म्हणजे काय?"

"म्हणजे आम्हालाही माहीत नाही, सर. पण असं लिहिलं की बरं दिसतं." त्यांनी फोनवर शोधून एवढे मात्र सांगितले की, कोइमतूरला कोणी एक चालू राजहंस दोन लाखांना काढली आहे. दत्तारामांनी टिपून घेतले: शंभर गुण म्हणजे दोन लाख, एक गुण म्हणजे दोन हजार.

पहिले परीक्षक म्हणजे काशीमिऱ्याचे तेच भंगारवाले. ते हातात लोहचुंबक घेऊन आले आणि त्यांनी तो दारावर लावला. चुंबक खाली पडला. बॉनेटवर लावला; पडला. टपावर ठेवला, तो घरंगळून थेट वाळत घातलेल्या कुरडयांत गेला. भंगारवाल्यांनी पंचवीस वर्षांच्या व्यवसायात असा अपमान सोसला नव्हता.

"साब, ये गाडी नहीं है. ये टंकी है."

"आतमध्ये इंजिन आहे," दत्ताराम म्हणाले.

"तो इंजन वाली टंकी है. सात हजार. और ये पापड आप उठाओ पहले."

दुसरे परीक्षक म्हणजे घोडबंदर रोडवरचे, वरसावे पुलाच्या अलीकडचे एक गॅरेजवाले, नीलेश. त्यांनी बॉनेट उघडून बराच वेळ आत पाहिले, जसे डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलवण्याआधी पाहतात. "सर, इंजिन जाम आहे. उतरवून उघडायचं म्हणजे दीड लाख. मग गाडी होईल पन्नास हजारांची."

"म्हणजे आजची किंमत उणे एक लाख?"

"मी असं बोललो नाही, सर. पण तुम्ही हिशोब बरोबर केला."

सात हजार आणि उणे एक लाख. इतकी तफावत विद्यापीठातसुद्धा आढळल्याचे दत्तारामांच्या ऐकिवात नव्हते. मॉडरेटरला खोलात उतरणे भाग होते, आणि ते शब्दशः खरे ठरले. कागदपत्रांचे दहा गुण द्यायचे तर आरसी बुकातला चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडायला हवा होता. आरटीओच्या एजंटाने सांगितले की, "नंबरावर कागद धरून पेन्सिल घासा, छाप आणा, बाकी आम्ही बघतो." नंबर नेमका कुठे असतो हे सांगू शकणारा कारखाना अस्तित्वात नव्हता. म्हणून प्रा. खवणेकर, ज्यांच्या मराठा आरमारावरील प्रबंधाची चारशे पाने झाली होती, मऊ शिशाची पेन्सिल आणि बटर पेपर घेऊन पाठीवर आडवे झाले आणि कमरेपर्यंत राजहंसाखाली गेले. नंबर सापडला. छापही निघाला. त्याच क्षणी पंपवाल्याने पंप बंद करायला उशीर केला, टाकी भरून वाहिली आणि ओहोळ राजहंसाखालून, म्हणजेच दत्तारामांच्या खालून, गटाराकडे निघाला. छाप वाचवण्यासाठी त्यांनी कागद धरलेला हात वर केला. बाहेर फक्त दोन पाय दिसत होते.

जितेंद्र पाटकरांनी त्या पायांचा फोटो काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिले: 'तपासणी सुरू आहे.' पाच मिनिटांत एकोणचाळीस जणांनी हसरे चेहरे पाठवले. दोघांनी फोटो नीट न पाहता 'भावपूर्ण श्रद्धांजली' पाठवली.

वासंतीबाईंनी तो फोटो पुण्याच्या संचिताला पाठवला. पत्नीला नवऱ्याची मानहानी एकटीने पाहवत नाही. संचिताने तो हसत हसत पुढे टाकला, आणि तो फिरत फिरत पनवेलच्या साईराज गोंधळेकर नावाच्या तरुणाकडे पोचला. कोणालाही नको असलेल्या जुन्या गाड्या जमवून त्या चालू करणे, हा त्याचा छंद होता. जगात या फोटोतले पाय न पाहता वरची गाडी पाहणारा तो एकटाच निघाला. त्याने निरोप पाठवला: रविवारी येतो, किंमत काय?

शनिवारी संध्याकाळी दत्ताराम लाल पेन घेऊन बसले. दोन्ही बाहेरचे परीक्षक त्यांनी रद्दबातल ठरवले. एकाने लोखंड तपासले होते, दुसऱ्याने स्वतःची मजुरी. मग त्यांनी स्वतः गुण दिले. इंजिन, जाम पण मूळचेच: नऊ. अंग, चाळीस वर्षांत गंजाचा ठिपका नाही: पंधरा. दुर्मिळता: अकरा. दर्शन: सात. कागदपत्रे, छापासह: नऊ. बेरीज एकावन्न. म्हणजे एक लाख दोन हजार.

एकावन्न ही बेरीज दत्तारामांनी पुन्हा एकदा करून पाहिली. एकावन्न? भाईंदरच्या बादलीला? हे गुण आपण दिले, की मे महिन्यातल्या त्या दुपारने दिले? लोक काय म्हणतील यापेक्षाही आपणच आपल्याला काय म्हणू, या विचाराने त्यांना ग्रासले. त्यांनी पेन उचलले. इंजिनाचे नऊ होते, तिथे तीन केले. अंगाचे पंधरा, तिथे सहा. दुर्मिळता तीन, 'कोणाला नको ते दुर्मिळच असते' असा शेराही मारला. दर्शन दोन. कागदपत्रे पाच, कारण छापाला पाणी लागले होते. बेरीज एकोणीस. अडतीस हजार. आता कसे निष्पक्षपाती वाटत होते.

वासंतीबाईंनी कागद पाहिला. "एकोणीस म्हणजे नापास ना हो?"

"नियम तो नियम."

"बरं," वासंतीबाई म्हणाल्या. त्यांच्या 'बरं'मध्ये अठ्ठावीस वर्षे दबा धरून बसली होती.

रविवारी सकाळी फळ्यावर शून्याच्या जागी अडतीस हजार लागले. राघोशेठनी आकडा वाचला, क्षणभर गाडीकडे पाहिले आणि म्हणाले, "मास्तरांनी तपासलाय. मग बरोबरच असनार." एवढे बोलून ते खुर्चीवर बसले. त्यांनी फडके काढले, पण त्या दिवशी गाडी पुसली नाही. दत्तारामांना ते गॅलरीतून दिसले, आणि निष्पक्षपातीपणाची चव तोंडात थोडी कडवट झाली.

सचिवांनी मात्र रान उठवले. "शून्याचे अडतीस हजार? दोन आठवड्यांत? अहो, हा उघड वशिला आहे! सरांच्या मिसेस या गाडीतनं डिलिव्हरीला गेल्या होत्या. त्यांनीच सांगितलंय मला!" वासंतीबाईंनी खरोखरच सांगितले होते, गेल्या आठवड्यात त्यांनी ते भाजीवाल्यालाही सांगितले होते. सचिवांनी तिथल्या तिथे सभासदांना गोळा केले आणि प्रा. खवणेकरांवर वाढीव मूल्यांकनाचा लेखी आरोप ठेवला.

एवढ्यात साईराज आला. त्याने कोणाशी बोलायच्या आधी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, दार उघडून डॅशबोर्डावर हात फिरवला आणि विचारले, "काका, हे रेडिओचं बटण ओरिजिनल आहे?"

"तो सोडून सगला चालत होता एकदा. रेडिओ कवाच चालला न्हाय," राघोशेठ म्हणाले.

साईराज जमिनीवर मांडी घालून हसला, आनंदाने. मग त्याने फळा पाहिला आणि त्याचा चेहरा पडला. "काका, हे चुकलंय. अडतीसमध्ये मी नाही घेऊ शकत."

"जास्त वाटतंय ना?" सचिव पुढे सरसावले. "बघा, मी काय म्हणत होतो!"

"जास्त नाही हो, कमी! मी एक लाख घेऊन आलोय. अशी अख्खी बॉडी कुठे मिळते? अडतीसमध्ये नेली तर मला झोप नाही येणार."

"अडतीस," राघोशेठ म्हणाले.

"लाख, काका."

"मास्तरांनी आकडा घातलाय. वर एक रुपाया घेनार न्हाय."

"नव्वद तरी!"

"सदतीस बोलू का आता?"

गोडदेव नाक्यावर, जिथे कोथिंबिरीच्या जुडीसाठी पाच मिनिटे घासाघीस होते, तिथे गिऱ्हाईक वर चढत होते आणि मालक खाली उतरत होता. शहाभाईंना ते पाहवेना, "अरे कोई तो ले लो!" म्हणत ते डोके धरून बसले. शेवटी साईराज हात जोडून म्हणाला, "मग राहू द्या, काका. मी कोणाला लुबाडायला नाही आलो." आणि तो फाटकाकडे वळला. पंधरा दिवसांची मुदत मंगळवारी संपत होती. मंगळवारी टंकीचे सात हजार होणार होते.

राघोशेठनी थांबवले नाही. त्यांनी फक्त दत्तारामांकडे पाहिले. बोरिवलीच्या बाकावरून पाहिले होते तसेच.

स्वाती नाडकर्णींना विम्यातला अनुभव होता. "सर, तुमच्यात पुनर्मूल्यांकन असतं ना? आकडा तुम्ही बदललात तर राघोशेठ ऐकतील."

"पुनर्मूल्यांकन होतं," दत्ताराम म्हणाले, "पण त्याआधी परीक्षकाला खुलासा द्यावा लागतो. लेखी." त्यांनी खिशातून पेन काढले. "आणि आरोप असला, तर आरोपीने स्वतःच्या हस्ताक्षरात."

"आरोप आहेच," सचिव म्हणाले. "द्या, द्या लिहून! सगळ्यांसमोर!"

वॉचमनच्या टेबलावर, पाहुण्यांच्या नोंदवहीतले एक पान फाडून, प्रा. खवणेकर लिहायला बसले. पंचवीस मिनिटे लागली. तोवर साईराज फाटकाशी थांबला, वॉचमनने त्याला चहा दिला, आणि एरवी पाण्याच्या वेळेवरून सभा उधळून लावणारे सभासद परीक्षागृहात असल्यासारखे गप्प उभे राहिले. लिहून झाल्यावर दत्तारामांना ते वाचता येईना. चष्म्यावर काही तरी आले होते. वासंतीबाईंनी कागद घेतला आणि खणखणीत आवाजात वाचला. तो जबाब पुढे राजहंसाच्या विक्रीच्या पावतीसह सोसायटीच्या फायलीत लागला. तिथला मजकूर शब्दशः असा:

"मी, दत्ताराम रामचंद्र खवणेकर, कबूल करतो की, राजहंस गाडीच्या मूल्यांकनात माझ्या हातून गैरप्रकार घडला. सचिवांचा आरोप अर्धा खरा आहे. मी या गाडीच्या उपकाराखाली आहे. परंतु त्यामुळे मी गुण वाढवले नाहीत, कापले. प्रथम मी प्रामाणिकपणे एकावन्न दिले होते. नंतर मी कृतज्ञ आहे असे दिसेल या भीतीने बत्तीस गुण कमी केले आणि त्याला निष्पक्षपातीपणा समजलो. अशीच भीती वाटून मी १९९४ साली माझा पुतण्या कौस्तुभ याला चौतीस दिले. अक्षर ओळखताच तो पेपर मी परत पाठवायला हवा होता. त्याचे सदतीस होत होते. सुधारित गुण: राजहंस एकावन्न, किंमत रुपये एक लाख दोन हजार. यात कृपेचा एकही गुण नाही. राघोशेठ, त्या दिवशी तुम्ही ढकलत होतात आणि मी नुसते स्टिअरिंग धरून बसलो होतो. माझी बायको आणि मुलगी तुमच्यामुळे आहेत. हे मी अठ्ठावीस वर्षांत बोललो नाही. आभारी आहे. ता. क. पेट्रोलचे किती झाले, ते मात्र अजूनही कळवावे."